विश्लेषण : पिकअप जागेवर थरथरतेय? इंजिन खोलण्याआधी 'फाउंडेशन' तपासा

निरगुडसरच्या शिवारातून संध्याकाळी टोमॅटो, कांदा किंवा तरकारी भरून निघालेल्या पिकअपला वेळ पाळावीच लागते. मंचर किंवा नारायणगावच्या बाजारात उशीर झाला तर भाव हातचा जातो, आणि वाशी गाठायची असेल तर रात्रीतूनच घाट उतरावा लागतो. अशा गाडीचे इंजिन उभ्या जागी थरथरू लागले, आरशात मागची गाडी दोन-दोन दिसू लागली, क्लच सोडताना केबिनखालून 'धाड' असा आवाज आला, की मालकाच्या पोटात गोळा येतो. इंजिन गेले की काय?

गॅरेजमध्येही मग कधी नोझल, कधी क्लचप्लेट, तर कधी थेट 'हाफ इंजिन' असे निदान कानावर पडते. हप्ते चालू असलेल्या गाडीसाठी हे काम पाच आकडी रकमेचे आणि काही दिवस गाडी उभी ठेवण्याचे असते. टोमॅटोचा तोडा सुरू असताना हे दिवस परवडत नाहीत. प्रत्यक्षात अनेकदा इंजिन ठणठणीत असते. गेलेले असते ते इंजिनाखालचे रबर, ज्याला कंपनी 'इंजिन माउंटिंग' म्हणते आणि गॅरेजवाले 'फाउंडेशन'. इंजिन खोलण्याच्या तुलनेत हा भाग स्वस्त, काम काही तासांचे. पण बॉनेट उघडल्यावर त्याच्याकडे नजर सर्वांत शेवटी जाते, कारण तो खाली, तेलकट मातीत दडलेला असतो.

माउंटिंग म्हणजे नेमके काय?

इंजिन थेट चेसिसला आवळले तर त्याची प्रत्येक थरथर केबिनमध्ये, स्टिअरिंगमध्ये आणि चेसिसच्या वेल्डिंगमध्ये उतरेल. सुरुवातीच्या मोटारींमध्ये असेच असायचे. १९३१ मध्ये अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीने प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर तरंगते ठेवण्याची रचना आणली आणि तिची जोरदार जाहिरात केली. आज रस्त्यावरच्या जवळपास प्रत्येक गाडीचे इंजिन रबरावरच बसते.

बोलेरो पिकअप, टाटा योद्धा अशा गाड्यांत इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असते आणि ताकद मागच्या चाकांना जाते. इंजिनाच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक माउंटिंग आणि गिअरबॉक्सच्या शेपटाखाली, आडव्या क्रॉस मेंबरवर तिसरे, अशी या गाड्यांची सर्वसाधारण मांडणी असते. इंजिन आणि गिअरबॉक्स बोल्टने जोडून एकच अंग होते आणि ते या तीन पायांवर उभे राहते.

माउंटिंग म्हणजे लोखंडाच्या दोन पट्ट्यांमध्ये रबराचा जाड ठोकळा. हे रबर नुसते मध्ये ठेवलेले नसते. कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन ते लोखंडाला कायमचे चिकटवलेले असते. पुढे जुगाडाचा विषय येईल तेव्हा हा मुद्दा लक्षात ठेवा. काही गाड्यांत रबराच्या पोटात द्रव भरलेली हायड्रॉलिक माउंटिंग्ज असतात. ती फुटली की खाली ओघळ दिसतो. मालवाहू पिकअपला मात्र बहुतेक साधे रबरच असते.

इंजिन एवढे हलते कशाने?

चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात क्रँकच्या दर फेरीला दोन स्फोट होतात. स्लोवर इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर सेकंदाला जवळपास २७ धक्के. चांगले रबर ते पोटात घेते. रेस वाढली की धक्के इतके जलद होतात की इंजिनाचे वजनच त्यांना दाबून टाकते. म्हणून माउंटिंग गेलेली गाडी स्लोवर सर्वांत जास्त थरथरते आणि थोडी रेस दिली की 'बरी' वाटते. जुन्या टाटा एसमध्ये ७०२ सीसीचे दोनच सिलिंडरचे इंजिन होते, त्यामुळे ते मुळातच जास्त हलायचे. त्यावरून पिकअपवर आलेल्या चालकाला ही थरथर बरेच दिवस खटकतच नाही.

धक्क्यांपेक्षा मोठा भार आहे तो पिळाचा. इंजिन शाफ्टला एका दिशेने फिरवते, तेव्हा शाफ्टही इंजिनाला उलट दिशेने पिरगळतो. हा पिळ माउंटिंगवर येतो आणि तो गिअरनुसार बदलतो. २.५ लिटरच्या पिकअप इंजिनाचा टॉर्क दोनशे न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पहिल्या गिअरमध्ये तो साधारण चौपट होऊन शाफ्टला मिळतो आणि तेवढाच पिळ उलटा तीन माउंटिंग्जवर येतो. आठशे न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांबीच्या पहारीच्या टोकाला ८० किलोचा माणूस लोंबकळल्यासारखे. टॉप गिअरमध्ये हायवेवर हाच पिळ चौथाईवर येतो.

म्हणजे मंचरहून चाकणपर्यंत सरळ हायवेने पळणाऱ्या गाडीची माउंटिंग्ज जितकी झिजतात, त्यापेक्षा शेतातून भरलेली गाडी पहिल्या गिअरला बांधावर चढवताना एका झटक्यात जास्त झिजतात.

आपल्या भागात ती लवकर का जातात?

अनेकांचा समज असा की हौद्यात जास्त माल भरला की त्याचे वजन फाउंडेशनवर येते. तसे होत नाही. मालाचे वजन पाटे आणि टायर घेतात. माउंटिंगवर फक्त इंजिन-गिअरबॉक्सचे वजन असते. पण जादा माल आडवाटेने माउंटिंगचा घास घेतोच. टोमॅटोचा एक क्रेट २० किलोचा धरला तर ८० क्रेट म्हणजे १,६०० किलो, रिकाम्या क्रेटचे वजन वेगळे. दीड टन क्षमतेच्या गाडीत एवढे भरल्यावर चिखलातल्या पाणंदीतून बाहेर पडायला पहिला गिअर, भरपूर रेस आणि अर्धवट क्लच हाच मार्ग उरतो. चाक फसले की चालक पुढे-मागे झोके देतो. प्रत्येक झोक्याला पिळाची दिशा उलटते आणि रबर एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने ताणले जाते. (जादा मालाला २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे, तो हिशेब निराळाच.)

डिंभे धरणाच्या पाण्याने बागायत झालेल्या या पट्ट्यात पिकअपचे अर्धे आयुष्य शेताच्या कडेला जाते. हंगामात माल, यात्रेच्या दिवसांत शर्यतीचे बैल, मध्येच खताच्या गोण्या. सारे आडरस्त्याने. खड्ड्यात पुढचे चाक आदळले की दीड-दोनशे किलोचे इंजिन आपल्या जागी उसळते आणि माउंटिंगवर बसते. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर हे दिवसातून शेकडो वेळा होते.

पण रबराचा खरा शत्रू खड्डा नाही, तेल आहे. माउंटिंगमध्ये बहुधा नैसर्गिक रबर वापरतात, कारण ते थकत नाही आणि धक्का चांगला घेते. त्याच रबराला खनिज तेल मात्र चालत नाही. इंजिन ऑइल किंवा डिझेल सतत लागत राहिले की रबर फुगते, मऊ पडते आणि लोखंडापासून सुटू लागते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग पाझरतेय, ऑइल फिल्टरखाली थेंब जमतोय, डिझेलची परतीची नळी घामेजतेय, हे दोष 'थोडेसेच आहे' म्हणून वर्षभर चालवले जातात आणि ते थेंब नेमके खालच्या माउंटिंगवर पडतात. त्यात आपल्याकडे इंजिन डिझेलने धुण्याची सवय. इंजिन चकाचक दिसते, पण माउंटिंगला ती आंघोळ महागात पडते. धुवायचेच असेल तर इंजिन थंड असताना साबणाच्या पाण्याने, विजेचे सॉकेट झाकून धुवावे.

उष्णतेचाही वाटा आहे. सायलेन्सरचा पाइप आणि टर्बो ज्या बाजूला, त्या बाजूचे रबर आधी कडक होऊन भेगाळते. तिथला उष्णतारोधक पत्रा एकदा काढल्यावर परत न लावणे ही गॅरेजमधली नेहमीची गोष्ट आहे.

गाडी काय सांगते?

पहिली खूण स्लोवरची थरथर. स्टिअरिंग, आरसे आणि गिअरचा दांडा एकाच तालात हलतात. एसी असलेल्या गाडीत एसी लावला की ती वाढते. दुसरी खूण आवाजाची: क्लच सोडताना, रिव्हर्स टाकताना किंवा अचानक रेस सोडली की एकच ठोका. तिसरी गिअरच्या दांड्याची. दांडा गिअरबॉक्सवर बसलेला असतो आणि केबिन चेसिसवर. त्यामुळे माउंटिंग सैल झाले की रेस देताच दांडा उडी मारल्यासारखा सरकतो. गिअर अडकत पडतो, किंवा खड्ड्यात निसटतो. गिअर दांड्याच्या अशा तक्रारीत विशेषतः मागचे, गिअरबॉक्सखालचे माउंटिंग आधी बघावे.

चौथ्या खुणेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. इंजिन जास्त हलू लागले की त्याला जोडलेल्या सगळ्या गोष्टींना ओढ बसते. सायलेन्सरचा पाइप पुढच्या जोडाशी पुन्हा पुन्हा तडकतो, रेडिएटरची होज क्लॅम्पपाशी फाटते, डिझेलची नळी ब्रॅकेटला घासून पातळ होते, इंजिनाची अर्थ वायर तुटते आणि मग सेल्फ मारताना त्रास होतो. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा सायलेन्सरला वेल्डिंग करत असाल, तर वेल्डिंगवाल्याला दोष देण्याआधी माउंटिंग बघा.

दहा मिनिटांची तपासणी

गाडी सपाट जागेवर, रिकामी, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड किंवा लाकडी उटी लावून उभी करा. सुरुवात बॅटरीने, म्हणजे हातातल्या टॉर्चने. दोन्ही बाजूंची माउंटिंग्ज शोधा, वरची माती चिंधीने पुसा. भेगा वरवरच्या आहेत की आत गेल्या आहेत, रबर लोखंडापासून सुटले आहे का, बोटाला तेल लागते का, हे बघा. डाव्या-उजव्या माउंटिंगची उंची ताडून पाहा. एक बाजू स्पष्ट दबलेली दिसली तर अर्धे निदान तिथेच झाले. ज्या गाडीत पंखा पट्ट्याने फिरतो तिथे आणखी एक सोपी खूण आहे: पंखा इंजिनावर असतो आणि त्याभोवतीचा घेर रेडिएटरवर. पंख्याची पाती आणि घेर यांच्यातले अंतर वर जास्त आणि खाली कमी झाले असेल, किंवा घेरावर घासल्याची पांढरी रेघ असेल, तर इंजिन खाली बसले आहे.

दुसरी चाचणी चालू इंजिनावर आणि दोन माणसांची. जाणता चालक सीटवर, ब्रेक पूर्ण दाबून, हँडब्रेक ओढलेला. दुसरा माणूस बाजूला, मडगार्डजवळ. गाडीच्या समोर किंवा मागे कुणीही उभे राहायचे नाही आणि सैल शर्ट, उपरणे, मफलर पंख्याजवळ न्यायचा नाही. चालकाने पहिला गिअर टाकून क्लच हळू सोडायचा, इंजिन जरासे दबेपर्यंतच, आणि लगेच परत दाबायचा. मग हेच रिव्हर्समध्ये. चांगल्या माउंटिंगवर इंजिन किंचित कलते आणि परत येते. बहुतेक इंजिने समोरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, त्यामुळे पुढच्या गिअरमध्ये चालकाच्या डावीकडची, म्हणजे क्लीनरची बाजू वर उचलली जाते आणि रिव्हर्समध्ये चालकाची बाजू. जी बाजू टणकन उडते आणि ठोका देऊन खाली बसते, त्या बाजूचे रबर सुटले आहे. हे मोबाइलवर चित्रित करून ठेवा. गॅरेजमध्ये वाद घालण्यापेक्षा ती चित्रफीत दाखवणे सोपे.

तिसरी चाचणी बंद इंजिनावर. टॉमी किंवा छोटी पहार इंजिनाच्या ब्रॅकेट आणि चेसिसच्या ब्रॅकेटमध्ये घालून हलकेच उचला. रबर ताणले जाऊन इंजिन जड हातानेच हलले पाहिजे. वरची पट्टी सहज सुटी होऊन आत फट दिसली तर तिथे काही उरलेले नाही. गिअरबॉक्सखालचे माउंटिंग असेच तपासता येते, पण त्यासाठी गाडीखाली जावे लागते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. चेसिसला पक्के स्टँड लावा किंवा खड्डा असलेल्या गॅरेजमध्ये जा.

या सगळ्यात रबर शाबूत दिसले आणि तरी आवाज येत असेल, तर बोल्ट बघा. पूर्वी क्लचचे काम झालेल्या गाडीत मागच्या क्रॉस मेंबरचा एखादा बोल्ट सैल राहिलेला किंवा लावलाच नसल्याचे आढळते. असे असले तर पाच मिनिटांत दुखणे बरे होते.

दुखणे दुसरेच असू शकते

उलटी चूकही होते. माउंटिंग बदलून थरथर तशीच राहते, कारण इंजिन 'मिसिंग' करत असते. फरक कानाला कळतो. माउंटिंग गेलेले असताना इंजिनाचा आवाज एकसारखा आणि थरथरही एकसारखी असते. एखादा सिलिंडर काम करत नसेल तर आवाज लंगडतो, सायलेन्सरमधून तुटक हवा येते, धूर दिसतो, चढाला ताकद कमी पडते. अशा वेळी नोझलचे निदान बरोबर असू शकते.

इथे एक धोक्याची गोष्ट. जुन्या डिझेल गाड्यांमध्ये मिस्त्री चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून कोणता सिलिंडर मेला ते शोधत. सध्याच्या सीआरडीआय इंजिनावर हे कधीही करू नका, कुणाला करू देऊ नका. पिकअपच्या टायरमध्ये हवेचा दाब चार बारच्या आसपास असतो. या पाइपमध्ये डिझेलचा दाब काहीशे ते हजाराहून अधिक बार असतो. बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. या गाड्यांचा सिलिंडर स्कॅनर लावूनच तपासायचा असतो.

थरथर केवळ धावताना, ठरावीक वेगाला येत असेल आणि उभ्या गाडीत काहीच नसेल, तर शाफ्टचे क्रॉस, सेंटर बेअरिंग किंवा टायर यांच्याकडे वळावे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर त्या वेगाला क्लच दाबून बघा. रेस पडली तरी थरथर कायम असेल तर दोष इंजिनाकडे नाही. घाटात हा प्रयोग करायचा नाही.

सर्वांत फसवा प्रकार क्लचचा. गाडी सोडताना झटके देत निघते, तेव्हा क्लचप्लेटला तेल लागलेले असू शकते आणि माउंटिंग सुटलेलेही असू शकते. दोन्हीत झटके सारखेच. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, मजुरीही त्याचीच मोठी. म्हणून आधी माउंटिंगची चाचणी, मग क्लचचा निर्णय. आणि क्लचचे काम निघालेच तर गिअरबॉक्सखालचे माउंटिंग तसेही सोडावे लागते, ते थकलेले असल्यास त्याच वेळी नवे टाकावे. दुसऱ्यांदा मजुरी देण्यात अर्थ नाही.

बदलताना काय बघावे?

हे काम गावातला चांगला फिटरही करू शकतो. मालकाने शेजारी उभे राहून काही गोष्टींवर लक्ष ठेवावे. इंजिन थंड असावे आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असावी. माउंटिंग सोडण्याआधी इंजिनाचे वजन कशावर तरी तोललेले हवे. चेन ब्लॉक असेल तर उत्तम. जॅक असेल तर तो थेट ऑइल चेंबरच्या पत्र्याला लावू देऊ नका. मध्ये रुंद, जाड फळी हवी, तीही चेंबरच्या कडेजवळ. चेंबरचा पत्रा आत दबला तर आतल्या जाळीची ऑइल ओढण्याची जागा कमी होते आणि माउंटिंगच्या कामातून ऑइल प्रेशरचे दुखणे मागे लागते.

इंजिन उचलायचे ते फक्त माउंटिंगवरचा भार निघेल एवढेच. उचलताना पंख्याचा घेर, होज, डिझेलच्या नळ्या, वायरिंग आणि सायलेन्सरचा जोड यांपैकी काय ताणले जातेय हे दुसऱ्या माणसाने बघत राहावे. गरज पडल्यास घेराचे बोल्ट आधीच सोडावेत. इंजिन आणि ब्रॅकेटच्या मध्ये हात घालून माउंटिंग ओढायचे नाही. जॅक घसरला तर बोटे जातात. एका वेळी एकच बाजू सोडावी. दोन्ही एकदम सुटल्या तर इंजिन सरकते आणि छिद्रे जुळवण्यात दुपार जाते.

जुने काढल्यावर ब्रॅकेट घासून साफ करून बघावे. केसासारखी भेग असेल तर नवे रबर टाकून उपयोग नाही. नव्या माउंटिंगवर बाण किंवा गुजर, म्हणजे एका बाजूची पिन असते. ती बरोबर खाचेत बसली पाहिजे. डावे-उजवे दिसायला सारखे असले तरी काही गाड्यांत वेगळे असतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. सगळे बोल्ट आधी हाताने लावायचे आणि अर्धवट आवळायचे. इंजिनाचे पूर्ण वजन माउंटिंगवर येऊ द्यायचे, थोडे पुढे-मागे हलवून ते आपल्या जागी बसू द्यायचे आणि मगच शेवटचा आवळ द्यायचा, तोही कंपनीने दिलेल्या मापाने, टॉर्क पान्याने. इंजिन लोंबकळत असतानाच हवेच्या गनने बोल्ट ठोकले तर रबर पिळलेल्या अवस्थेत कायमचे अडकते. अशी नवी माउंटिंग्ज काही महिन्यांत फाटतात आणि बोल लागतो मालाला.

एक बाजू गेली असली तरी दोन्ही बाजू एकत्र बदलणे शहाणपणाचे. एक नवे, ताठ आणि दुसरे दबलेले असेल तर इंजिन तिरके राहते आणि सगळा पिळ नव्यावर येतो. नव्या रबराची थरथर पहिले काही दिवस जुन्या चांगल्या रबरापेक्षा किंचित जास्त जाणवू शकते. त्याने घाबरू नये. पाचशे ते हजार किलोमीटरनंतर बोल्ट एकदा तपासून घ्यावेत. आणि ज्या गळतीने जुने रबर खाल्ले, ती गळती त्याच दिवशी बंद करावी.

टायरचा तुकडा चालेल का?

चालतो, गॅरेजपर्यंत. सुटलेल्या माउंटिंगमध्ये जुन्या टायरचा तुकडा किंवा ट्यूबच्या पट्ट्या कोंबण्याचा जुगाड सगळीकडे होतो आणि रस्त्यात अडकलेल्याला त्याचा आधारही वाटतो. पण माउंटिंगचे रबर लोखंडाला चिकटलेले असते म्हणून ते दाबही घेते आणि ओढही. कोंबलेला तुकडा फक्त दाब घेतो. इंजिन वर उचलले जाते त्या क्षणी त्याला धरून ठेवणारे काहीच नसते, आणि खाली येताना ठोका बसतोच. त्याहून वाईट म्हणजे दोन पट्ट्या वेल्डिंग करून किंवा आरपार बोल्ट घालून एक करून टाकणे. मग थरथर अडवणारे काही उरत नाही. ती ब्रॅकेटच्या वेल्डिंगमध्ये आणि नळ्यांच्या जोडांत शिरते.

विकत घेताना गाडीचा चेसिस क्रमांक सांगून पार्ट नंबर काढावा आणि जुना भाग सोबत न्यावा. कंपनीचा भाग किंवा नाव असलेल्या उत्पादकाचा भाग घ्यावा, बिल घ्यावे. फार स्वस्त मालात रबर अति कडक असते किंवा लोखंडाशी नीट चिकटलेले नसते. कडेला नखाने उचकटून बघितले तरी कधी कधी कळते. दुकानात वर्षानुवर्षे उन्हात टांगलेले माउंटिंग नवे असूनही म्हातारे झालेले असते.

गाडी कधी थांबवावी?

नुसती थरथर असेल तर त्या आठवड्यात काम उरकावे. हळू क्लच सोडत, कमी माल भरत जवळच्या बाजारापर्यंत जाता येईल. पण पंखा घेराला घासल्याचा आवाज येत असेल, गिअर आपोआप निसटत असेल किंवा डिझेलची नळी घासलेली दिसत असेल, तर तो माल दुसऱ्या गाडीत टाकावा. पंख्याचे पाते रेडिएटरमध्ये घुसले की पाणी जाते आणि मग खरोखरच इंजिनाचे काम निघते. उतारावर गिअर निसटला की इंजिनाचा ब्रेक गेला. माळशेज किंवा खंडाळ्याच्या घाटात भरलेली गाडी मग एकट्या ब्रेकवर येते. आणि जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात रात्री दोन वाजता बंद पडलेल्या गाडीखाली टॉर्च घेऊन वाकणे बिबट्यांमुळे सध्या कुणालाच परवडणारे नाही. अशा वेळी केबिनमध्ये बसून काचा लावाव्यात, इंडिकेटर चालू ठेवावेत आणि मदत येईपर्यंत खाली उतरू नये.